जाणत्यांचा सोबती

गेले दोन महिने आमच्या घरीं एकाच प्रश्नाची चर्चा चालली होती. असा प्रश्न आज ना उद्यां पुष्कळ घरांत उभा राहणार, म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या धाकट्या बंधूंची नात वनस्पतिशास्त्र घेऊन एम्. एस्सी. झाली आणि दोन वर्षें एका प्रयोगशाळेंत काम करीत होती. तिचे अध्यापक संतुष्ट होते, घरचीं माणसें संतुष्ट होतीं. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें शांतपणें सांगितलें कीं, आतां प्रयोगशाळा सोडून आपण इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठांत विज्ञान-धोरणाचा अभ्यास करण्यास जाणार. प्रवेश मिळाला आहे, शिष्यवृत्ति अर्धीच मिळाली आहे, उरलेल्या रकमेसाठीं कर्ज काढावें लागेल.

थोरल्या काकांनीं विचारलें, "म्हणजे तूं पुढें होणार तरी कोण?" डॉक्टर, वकील, इंजिनियर, प्राध्यापक, अशी या प्रश्नाचीं उत्तरें एका शब्दाचीं असतात. हिला एका शब्दांत उत्तर देतां आलें नाहीं, आणि तेथेंच तिची बाजू पडली. हातची विद्या टाकून मुलगी फायली लिहावयास चालली, असें तिच्या वडिलांना वाटलें. आजीला कर्जाचें भय वाटलें. आणि आम्हीं, घरांतील वडीलधारे मास्तर म्हणून, तिच्या विरुद्ध मत दिलें. ज्याला घडा घडवितां येतो त्यानें बाजारांत बसून घड्यांचे हिशेब कां लिहावे, असा दृष्टान्तही दिला. तो सर्वांना पटला.

मुलगी रडली नाहीं कीं भांडली नाहीं. दुसऱ्या दिवशीं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आमच्या हातीं देऊन म्हणाली, "आबा, तुम्ही एवढें वाचा. वाचून झाल्यावर पुन्हां 'नको' म्हणालांत तर मी ऐकेन. पण विद्यापीठाला कळविण्यास दोनच महिने आहेत." आम्ही मॅट्रिक झालेले, संस्कृतावर वाढलेले, इंग्रजी पुस्तक वाचावयाचें तर शब्दकोश मांडीवर घ्यावा लागतो. तरी शब्द दिला होता, म्हणून वाचलें. मग तें लिहिणारा गृहस्थ कोण याची चौकशी केली. त्या चौकशींत जें हातीं आलें तें येथें देतों.

या गृहस्थांचें नांव कॅलेस्टस जुमा. जन्म १९५३ सालचा, आफ्रिकेंतील केनया देशांत, व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं. वडील सुतार. सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचे पूर त्या भागाला नेहमींचे. १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत असे मोठे पूर आले कीं उभीं पिकें गेलीं. जुमा त्या वेळीं आठ-दहा वर्षांचे. त्यांच्या वडिलांनीं कसावा नांवाचें कंदपीक त्या भागांत आणून लावलें. दाण्याचीं पिकें बुडालीं तरी पोटाला आधार व्हावा, हा हेतु. पण नवें पीक म्हटल्यावर गांवच्या लोकांनीं तें एकदम मान्य केलें नाहीं. भुकेच्या दिवसांत अन्न देणाऱ्या पिकालाही लोक नको कां म्हणतात, हा प्रश्न त्या मुलाच्या मनांत राहिला. पुढें पन्नास वर्षांनीं त्यानें जें पुस्तक लिहिलें, त्याचें मूळ येथें आहे.

कसावा म्हणजे कांहीं परकी वस्तु आहे असें आमच्या भगिनींनीं समजूं नये. आपण उपवासाला जो साबुदाणा भिजत घालतों, तो भारतांत याच कंदाच्या पिठापासून होतो. हें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतलें. साबुदाण्याच्या खिचडींत पडणारा बटाटा, शेंगदाण्याचें कूट आणि हिरवी मिरची हीं तिन्हीही अमेरिका खंडांतूनच आलेलीं. आपल्या उपवासाचें ताट असें समुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्यांनीं भरलेलें आहे. आणि ते पाहुणे केव्हां व कसे आले, कोणीं नको म्हटलें, कोणीं पहिला घांस घेतला, याचा आपण कधीं विचारही करीत नाहीं. जुमा यांनीं तोच विचार जन्मभर केला.

ते प्रथम आमच्यासारखेच प्राथमिक शाळेंतील मास्तर झाले. शिक्षकाचें शिक्षण घेऊन १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं मोंबासा या बंदराच्या शहरांत मुलांना शिकविलें. शाळा संभाळून ते वर्तमानपत्राला पत्रें लिहीत. त्या पत्रांवरूनच संपादकांचें लक्ष त्यांच्याकडे गेलें, आणि नैरोबीच्या 'डेली नेशन' पत्रांत विज्ञान व पर्यावरण या विषयांचे बातमीदार म्हणून त्यांना नोकरी मिळाली. केवळ याच विषयावर लिहिणारा बातमीदार त्या काळीं आफ्रिकेंतील वर्तमानपत्रांतून बहुधा नव्हताच. शाळामास्तरानें वर्तमानपत्राला पत्रें पाठविणें हा रिकामपणाचा उद्योग आहे असें आम्हीं स्वतः एका तरुण सहकाऱ्याला एकदां ऐकविलें होतें. तें हें वाचतांना आठवलें.

बातमी लिहितां लिहितां जुमा यांच्या ध्यानांत आलें कीं, शास्त्रज्ञ एक बोलतात, मंत्री दुसरें ऐकतात, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला तिसरेंच येतें. या तिघांमधली वाट शोधण्याचें शास्त्र असावें, तें शिकण्यास ते ससेक्स विद्यापीठांत गेले. आमची नात जेथें जाऊं म्हणते तेंच हें ठिकाण. तेथें १९६६ सालीं क्रिस्टोफर फ्रीमन या अर्थशास्त्रज्ञानें विज्ञान-धोरणाच्या संशोधनाची संस्था काढली. शोध कसा लागतो हें शास्त्रज्ञ पाहतो. लागलेला शोध देशांत रुजतो कां आणि फसतो कां, हें या संस्थेंत पाहतात.

हें बोलणें हवेंत राहूं नये म्हणून जुमा यांनीं डॉक्टरेटसाठीं कोणता विषय घेतला तें सांगतों. विषय होता उसाच्या मळीपासून मद्यार्क काढून तो मोटारींत इंधन म्हणून वापरण्याचा. मळी म्हणजे काय हें साखर कारखान्यांच्या आपल्या प्रदेशांत सांगावयास नको. १९७३ नंतर खनिज तेल महाग झालें, तेव्हां ज्या गरीब देशांत ऊस पिकत होता त्यांना ही युक्ति सुचणें साहजिक होतें. झिंबाब्वे देशांत ट्रायंगल येथील साखर कारखान्याला जोडून असा कारखाना उभारला, आणि तो १९८० सालीं सुरू झाला. त्याची बरीचशी यंत्रसामग्री तेथल्याच कारागिरांनीं देशांत घडविली. उलट केनयांत किसुमू येथें परदेशी आराखड्यावर मोठ्या थाटाचा कारखाना आरंभिला. खर्च फुगत गेला, आणि काम अर्धवट राहिलें. दोन्हीकडे ऊस तोच, मळी तीच, रसायनशास्त्रही तेंच. मग एक तरला आणि दुसरा बुडाला कशानें? यंत्र कोणीं निवडलें, देशांतल्या कारागिरांना हात लावूं दिला कीं नाहीं, काम चालू असतांना चूक दिसली तर ती दुरुस्त करणारा जवळ होता कीं नाहीं, या गोष्टींनीं. प्रयोगशाळेंतील कोणत्याही नळींत हीं उत्तरें सांपडत नाहींत. तीं शोधावयाचीं तर कारखान्यांत, कचेरींत आणि कारागिराच्या शेजारीं जाऊन बसावें लागतें.

येथवर वाचल्यावर आमच्या घड्याच्या दृष्टान्ताला पहिला तडा गेला, हें आम्ही कबूल करतों.

शिक्षण संपवून जुमा परत आले. १९८८ सालीं त्यांनीं नैरोबीस तंत्रज्ञान-अभ्यासाचें आफ्रिकन केंद्र स्थापन केलें. आफ्रिकेच्या प्रश्नांचा विचार आफ्रिकेंतच व्हावा हा हेतु. पुढच्याच वर्षीं 'जीन हंटर्स' म्हणजे 'जनुकांचे शिकारी' हें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. बी-बियाणें ही जगांतील मोठी संपत्ति आहे, आणि तिच्यासाठीं राष्ट्रांमध्यें पूर्वींपासून ओढाताण चाललेली आहे, हा त्याचा विषय. वाचकांना सिंकोनाची गोष्ट ठाऊक असेल. हिंवतापावरचें क्विनीन ज्या झाडाच्या सालींत असतें तें झाड दक्षिण अमेरिकेंतील डोंगरांतलें. इंग्रजांनीं १८६० च्या सुमारास त्याचीं रोपें व बी तेथून आणून निलगिरीवर लावलें. त्यानें असंख्यांचे प्राण वांचले हें खरें. पण ज्यांच्या डोंगरांतून तें झाड आलें त्यांना काय मिळालें, हें कोणीं विचारलें नाहीं. झाड कोणाचें, ज्ञान कोणाचें आणि नफा कोणाचा, हे तीन प्रश्न वेगळे आहेत.

याच प्रश्नांवर जगांतील राष्ट्रांनीं एक करार केला. १९९२ सालीं ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथें त्यावर सह्या होऊं लागल्या आणि २९ डिसेंबर १९९३ रोजीं तो अंमलांत आला. त्याला जैवविविधतेचा करार म्हणतात. त्या आधीं वनस्पतींचें बीज ही सर्व मानवजातीची सामाईक ठेव मानण्याचा प्रघात होता. तें ऐकण्यास उदात्त वाटतें. पण सामाईक विहिरीवर ज्याचा दोर लांब त्यालाच पाणी मिळतें. करारानें ठरविलें कीं, ज्या देशांत झाडें-जनावरें आहेत त्या देशाचा त्यांवर अधिकार; दुसऱ्यास हवीं असल्यास त्यानें विचारून घ्यावीं, आणि त्यांतून लाभ झाला तर तो वांटून घ्यावा. १९९५ ते १९९८ या वर्षांत या कराराचे कार्यकारी सचिव जुमा होते. सरोवराकांठच्या सुताराचा मुलगा, मोंबासाचा मास्तर, आतां कॅनडांतील माँट्रियल येथें दीडशेंहून अधिक राष्ट्रांच्या मध्यें बसला.

अशा सचिवाला काय अधिकार असतो? मत देण्याचा मुळींच नाहीं. मतें राष्ट्रांचीं. त्यानें मसुदे तयार करावयाचे, ते सहा भाषांत वेळेवर पोंचवावयाचे, कोणत्या शब्दावर कोण अडून बसला आहे हें ओळखावयाचें, आणि श्रीमंत राष्ट्राच्या पन्नास तज्ज्ञांपुढें गरीब राष्ट्राचा एकटा प्रतिनिधि गोंधळून जाऊं नये म्हणून त्याला समजेल असें लिहावयाचें. जनुकांत बदल केलेलें बियाणें एका देशांतून दुसऱ्यांत जातांना काय नियम असावे, याची बोलणीं १९९६ सालीं डेन्मार्कमधील आरहूस येथें सुरू झालीं. तीं फळास आलीं २००० सालीं, जुमा यांनीं तें पद सोडल्यानंतर. या कामाचें असेंच आहे. रोप लावणारा एक, फळाच्या वेळीं हजर असणारा दुसरा.

त्याच वर्षांत आपल्या स्वयंपाकघरांतील एका वस्तूवर जगाच्या बाजारांत वाद चालला होता, तो येथें आठवणें प्राप्त आहे. १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीनें जखम भरून येते या 'शोधा'चें पेटंट मिळालें! आपल्या घरीं बोट कापलें कीं आजी जें प्रथम करते, तो अमेरिकेंत नवा शोध ठरला. त्या वेळीं आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यांतील माशेल गांवीं जन्मलेले. त्यांच्या परिषदेनें १९९६ सालीं या पेटंटाला आव्हान दिलें. पण "आमच्या आज्या हें करीत आल्या" एवढें सांगून पेटंटाची कचेरी ऐकत नाहीं. तिला छापील पुरावा लागतो. परिषदेनें जुने संस्कृत ग्रंथ पुढें ठेवले, भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत १९५३ सालीं आलेला लेख पुढें ठेवला, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. पुढें २००१ सालापासून आपल्या पारंपरिक ज्ञानाचा संगणकावर ग्रंथसंग्रह करण्यास आरंभ झाला, आणि २००२ सालीं जैवविविधतेचा कायदा संसदेनें केला.

आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्यानें येथें थोडें थांबावें. जुने ग्रंथ घरोघर होते. पण त्यांतील कोणता उतारा, कोणत्या भाषांतरासह, कोणत्या कचेरींत, कोणत्या मुदतींत ठेवावा हें जाणणारा माणूस नसता तर ते कपाटांतच राहिले असते. तेथें वैद्य हवा, पंडित हवा, कायदेपंडित हवा. आणि या तिघांना एका टेबलाशीं बसविणारा चौथाही हवा. नात जें होऊं म्हणते तें हें चौथेपण.

जुमा पुढें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाले. विज्ञानाचा उपयोग गरीब राष्ट्रांनीं कसा करावा यासंबंधीं संयुक्त राष्ट्रांसाठीं २००५ सालीं जो अहवाल झाला त्याचें काम त्यांनीं चालविलें. २००६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना सदस्यत्व दिलें. आफ्रिकेच्या शेतीवर त्यांनीं २०११ सालीं पुस्तक लिहिलें. आणि २०१६ सालीं, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, 'इनोव्हेशन अँड इट्स एनिमीज' म्हणजे 'नवें आणि त्याचे शत्रु' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. नातीनें आमच्या हातीं दिलेलें पुस्तक हेंच.

त्यांत सहाशें वर्षांतील भांडणांच्या कथा आहेत. मक्केंत १५११ सालीं कॉफीवर बंदी घातली गेली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें १६७५ च्या अखेरीस कॉफीगृहें बंद करण्याचा हुकूम काढला आणि लोकांचा गिल्ला पाहून थोड्याच दिवसांत मागें घेतला. १८६९ सालीं फ्रान्समध्यें लोण्याच्या जागीं वापरावयाचें मार्गारिन निघालें. अमेरिकेंतील गवळी-कारखानदार इतके चिडले कीं कांहीं राज्यांनीं मार्गारिनला गुलाबी रंग द्यावा असा कायदा केला, म्हणजे कोणी तें तोंडांत घालूं नये! आपल्याकडे वनस्पति तुपाला रंग द्यावा कीं काय यावर झालेला वाद जुन्या मंडळींना आठवेल. १९४२ सालीं अमेरिकेंतील वादकांच्या संघानें ध्वनिमुद्रिकांसाठीं वाजविण्याचें दोन वर्षांहून अधिक काळ बंद ठेवलें, कारण तबकडी आली म्हणजे वाजविणाऱ्याची गरज सरेल हें भय.

आम्हांस वाटलें होतें कीं, लेखक या सर्वांना मूर्ख ठरविणार. तसें त्यानें केलें नाहीं, आणि येथेंच हें पुस्तक आम्हांस थोर वाटलें. त्याचें सांगणें असें कीं, मनुष्य नव्याला नवें म्हणून विरोध करीत नाहीं. नव्यामुळें आपलें कांहीं जाणार असें वाटतें म्हणून करतो. कोणाची रोजी जाते, कोणाचा मान जातो, कोणाची जगण्याची रीत जाते. लाभ थोड्यांना आणि धोका सर्वांना, असें दिसलें कीं विरोध वाढतो. म्हणून विरोध करणाऱ्याची थट्टा करूं नये. त्याचें काय जाणार आहे तें आधीं विचारावें. त्या वादकांचें भय खोटें नव्हतें; अखेरीस ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांनीं वादकांच्या निधीला पैसे देण्याचें मान्य केलें, तेव्हां तंटा मिटला. तबकडीही राहिली आणि वादकाचाही विचार झाला.

हें वाचून आम्हांस स्वतःची एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. आमच्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत शाळेंत बॉलपेन नुकतें मुलांच्या हातीं येऊं लागलें होतें. त्यानें अक्षर बिघडतें असें आम्ही ठासून सांगत असूं आणि वर्गांत तें वापरूं देत नसूं. एके दिवशीं परीक्षेच्या वेळीं एका मुलाच्या हातचें बॉलपेन आम्हीं काढून घेतलें. त्याच्यापाशीं दुसरें कांहीं नव्हतें. शाईच्या पेनाची निब मोडली होती, आणि नवी घेण्यास घरीं पैसे नव्हते. बॉलपेन शेजाऱ्यानें दिलेलें. हें त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं. दुसऱ्या मुलाकडून मागाहून कळलें. त्यानें कोरी उत्तरपत्रिका दिली आणि आम्हीं तिच्यावर शून्य लिहिलें. तें शून्य आम्हीं शाईच्या पेनानें, अतिशय वळणदार लिहिलें होतें.

आम्ही त्या वेळीं कशाचें रक्षण करीत होतों? मुलांच्या अक्षराचें, असें आम्ही म्हणत होतों, आणि तें अगदींच खोटें नव्हतें. अक्षरें पुढें बिघडलीं हें कोणताही मास्तर सांगेल. पण खरें पाहतां गांवांत आमचें नांव सुलेखनासाठीं होतें, आणि त्या स्वस्त कांडीनें तें नांव जाईल हें भय होतें. कोणी आमच्याशेजारीं बसून विचारलें असतें कीं, "गुरुजी, तुमचें काय जातें आहे?" तर कदाचित् सुलेखनाचा तास राखून बॉलपेनाला परवानगी देण्याचा मार्ग निघाला असता, आणि त्या मुलाची परीक्षा बुडाली नसती. कोणी विचारलें नाहीं. आम्हीं स्वतःलाही विचारलें नाहीं.

आतां या व्यवसायाची काळी बाजूही सांगावी, कारण नातीला आम्हीं ती सांगितली. मध्यें बसणाऱ्या माणसाला दोन्हीकडून ओढ लागते. जुमा हे जनुकीय बदल केलेल्या पिकांचे पुरस्कर्ते होते, आणि तें त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. परंतु २०१५ सालीं अमेरिकेंतील वर्तमानपत्रांत त्यांच्यावर टीका झाली कीं, अशा पिकांवरील त्यांच्या एका लेखाचा विषय एका बियाणें-कंपनीनें सुचविला होता आणि लेखांत तें सांगितलेलें नव्हतें. आपण त्यासाठीं पैसे घेतले नाहींत व मतें आपलींच आहेत, असें त्यांचें म्हणणें होतें. आम्ही या वादाचा निवाडा करीत नाहीं. मात्र दुभाष्याची सारी पुंजी म्हणजे विश्वास. आणि प्रश्न कोणीं विचारावयास सांगितला हें उत्तरासोबत सांगून टाकणें, हा ती राखण्याचा सोपा उपाय आहे. जुमा १५ डिसेंबर २०१७ रोजीं बॉस्टन येथें वारले. वय अवघें चौसष्ट. नव्या तंत्रज्ञानावरचीं विनोदी चित्रें ते ट्विटरवर नेमानें लोकांना दाखवीत, असें नातीनें सांगितलें. मास्तर तो मास्तरच. हंसविल्यावांचून शिकवीत नाहीं.

ठरलेल्या रात्रीं सारीं पुन्हां बसलों. आम्हीं प्रथम आपला घड्याचा दृष्टान्त परत घेतला. घडा उत्तम घडविणारा हवाच. पण विहीर कोणाच्या अंगणांत खणावी आणि पाणी कोणापर्यंत पोंचावें हें घडा सांगत नाहीं. मग काकांच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. कौटिल्यानें राज्याच्या शेतीवरील अधिकारी कसा असावा हें सांगतांना म्हटलें आहे कीं, त्यानें शेतीचें व वनस्पतींचें शास्त्र स्वतः जाणावें, नाहीं तर तें जाणणाऱ्यांना सोबत घ्यावें. राज्य चालविणाऱ्याला जाणत्यांची सोबत लागते, हें दोन हजार वर्षांपूर्वींपासून ठाऊक आहे. ती सोबत जुळवून देणें हा आतां एक व्यवसाय झाला आहे, एवढेंच नवें. "मुलगी होणार कोण?" तर जाणत्यांचा सोबती.

वडिलांचें समाधान लगेच झालें नाहीं, आणि तें व्हावें अशी आमची अपेक्षाही नव्हती. त्यांचें काय जातें आहे तें आम्हीं त्यांना विचारलें. पुष्कळ वेळानें ते म्हणाले, "मला शास्त्रज्ञ व्हावयाचें होतें. झालों नाहीं. वाटलें होतें, ही होईल." मुलगी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, वनस्पतिशास्त्र मी सोडीत नाहीं. तें येत असल्यामुळेंच मला तिथें घेतलें आहे." कर्जाचा हिशेब आजीनें स्वतः वही काढून मांडला. निम्मा हप्ता घरानें भरावा, निम्मा मुलीनें नोकरी लागल्यावर, आणि नोकरी लागण्यास वर्षभर उशीर होईल असें धरूनच चालावें, असें ठरलें. कारण या वाटेवर अजून मैलाचे दगड नाहींत. नेमणुका मुदतीच्या असतात, गांव पुन्हां पुन्हां बदलतें, हें तिनेंच आम्हांस सांगितलें.

ज्या घरांत असा प्रश्न येईल त्यांना आमची एवढीच विनंति आहे. मूल कोणतें पद मिळविणार हें अवश्य विचारा, पोटाचा प्रश्न खोटा नसतो. परंतु त्याबरोबर त्याला कोणता प्रश्न पडला आहे तेंही विचारा. आणि तुम्ही 'नको' म्हणाल त्या वेळीं, तुमचें स्वतःचें काय जातें आहे, तें रात्रीं एकटें बसून स्वतःला विचारा.

नात पुढच्या महिन्यांत निघते आहे. पुस्तक आम्हीं ठेवून घेतलें आहे. काकांना वाचावयाचें आहे.